खंड : बारावी आणि वैद्यकीय प्रवेश यांमधले वर्ष

‘खंड’ या शब्दाला मराठीत बरेच अर्थ आहेत. ग्रंथाचा भाग तो खंड, पृथ्वीचा भाग तोही खंड. आमच्या तापीकाठी दुसऱ्याचे शेत वर्षभर कसायला घेऊन मालकाला जी ठरलेली रक्कम मोजायची तिलाही खंडच म्हणतात. चौथा अर्थ सापडतो तो तहसील कचेरीबाहेर, स्टॅम्प पेपरवर टंकलिखित केलेल्या प्रतिज्ञापत्रात : ‘माझ्या शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला असून त्या काळात मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही.’ मुले त्याला ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात आणि त्या वर्षाला ‘ड्रॉप’. बारावी झाली, नीटमध्ये हवे तेवढे गुण पडले नाहीत, डॉक्टर तर व्हायचेच आहे. म्हणून एक वर्ष बाजूला काढून पुन्हा परीक्षेला बसायचे. नंदुरबार जिल्ह्यात गेल्या आठ-दहा वर्षांत हा प्रकार इतका रुजला आहे की ‘पोरगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘ड्रॉपला आहे’ हे पुरेसे उत्तर ठरते.

या विषयाकडे मी वळलो तो मोडीच्या वाटेने. माझे औपचारिक शिक्षण फार नाही. मोडी लिपी मी जुन्या दप्तरांवर नजर ठेवून स्वतःच शिकलो आणि पश्चिम खानदेशातले महसुली कागद वाचणे हा माझा छंद झाला. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा हवा असला की लोक पणजोबाच्या नावाची कोतवाल बुकातली नोंद घेऊन माझ्याकडे येतात. या येणाऱ्यांत बारावी सायन्सची मुले आणि त्यांचे वडील अधिक आहेत, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. कागद वाचून होईस्तोवर बोलणे निघते. त्या बोलण्यांतून आणि नंतरच्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

मुळात हे वर्ष निर्माण का होते, ते पाहू. महाराष्ट्रात १९९९ पूर्वी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत. लातूर पॅटर्नचा दबदबा त्याच काळातला. पुढे राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये देशभरासाठी नीट झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये पुन्हा मार्ग मोकळा केला, आणि २०१७ पासून महाराष्ट्रातला विद्यार्थीही तिच्यातूनच जातो. बारावीच्या गुणांचे काम आता पात्रतेपुरते उरले : भौतिक, रसायन, जीवशास्त्रात खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४०. परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्यात. वयाची वरची अट २०२२ साली निघाली, किती वेळा बसावे यालाही मर्यादा नाही. म्हणजे दार वर्षातून एकदाच उघडते, पण कितीही वर्षे ठोठावता येते. २०२५ मध्ये देशात बावीस लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. ज्या व्यवस्थेत ही दोन्ही वैशिष्ट्ये एकत्र येतात तिथे खंड पडणारच.

अमेरिकेत खंडाचा अर्थ अगदी निराळा आहे. तिथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि प्रवेशापूर्वी एक-दोन वर्षे थांबणारे निम्म्याहून अधिक असतात. त्या वर्षांत कोणी रुग्णालयात मदतनीस होतो, कोणी प्रयोगशाळेत काम करतो, आणि अर्जात व मुलाखतीत त्याची विचारणा होते. आपल्याकडे ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा उपयोगी नाही. सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रात वर्षभर राबलेल्या मुलाला नीटमध्ये त्याबद्दल अर्धा गुणही मिळत नाही.

पण मराठी माणसाला प्रवेशापूर्वीचा काळ अगदीच अनोळखी नाही. आपल्या पहिल्या दोन स्त्री-डॉक्टरांच्या चरित्रांत सर्वांत लांबलेला भाग तोच आहे. आनंदीबाई जोशींसाठी गोपाळरावांनी अमेरिकेशी पत्रव्यवहार सुरू केला १८७८ मध्ये. त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या एप्रिल १८८३ मध्ये. मधली पाच वर्षे नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरण्यात, इंग्रजी पक्के करण्यात आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी पत्रे लिहिण्यात गेली. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो याचे इंग्रजीत भाषण केले, ती या तयारीची परीक्षाच म्हणायची. मात्र याच काळात डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा त्यांच्या मागे लागला होता, तो सुटला नाही. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या.

रखमाबाईंचा खंड कोर्टाने पाडला. दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ चा निकाल बाईंच्या बाजूने, अपिलानंतर १८८७ चा निकाल विरुद्ध – नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. ही चार वर्षे त्या घरी बसून होत्या म्हणावे तर याच काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची बालविवाहावरची पत्रे टोपणनावाने गाजली, आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात त्यांचे वाचन चालूच होते. मग कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या मदतीने लंडन, १८९४ ला पदवी, आणि पुढची दोन दशके सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयात. शहाद्याची मुले आज ज्या सुरतेला कोचिंगसाठी जातात, तीच ही सुरत.

आता आपल्या भागाकडे वळू. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले २०२० मध्ये, शंभर जागांचे. त्याआधी मुलांना धुळे गाठावे लागे. जिल्ह्यातच कॉलेज आले म्हणून लोकांनी आनंद केला, आणि तो योग्यच होता. पण थोडे गणित करू. शंभरातल्या पंधरा जागा अखिल भारतीय कोट्याच्या. उरलेल्या पंच्याऐंशीत अनुसूचित जमातींना ७ टक्के, म्हणजे जेमतेम सहा. आणि त्या सहा जागांवर गडचिरोलीपासून पालघरपर्यंत सबंध राज्याचा हक्क. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण एकोणसत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. विभागानुसार जागा राखून ठेवणारे ७०:३० चे सूत्रही सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. म्हणजे कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी. नंदुरबारचे कॉलेज नंदुरबारच्या मुलांचे नाही. ते तिथले रुग्ण तपासते, हे खरे, आणि तेही कमी नाही.

या परिस्थितीत ड्रॉप घेणाऱ्या मुलाची पहिली अडचण अभ्यासाची नसते. तो कोणत्याच योजनेत बसत नाही, ही असते. आदिवासी विकास विभागाचे वसतिगृह, शिष्यवृत्ती, एसटीचा विद्यार्थी पास, या सगळ्यांना चालू वर्षाचा प्रवेश लागतो. बारावी संपताच धडगावच्या मुलाची शहाद्यातली खाट जाते. म्हणून कित्येक जण बी.एस्सी.ला नाव टाकून ठेवतात. कॉलेजला हजेरी, प्रात्यक्षिके, सत्र परीक्षा. त्यातून उरलेल्या वेळात नीट. मग कागदावर खंड दिसत नाही, पण वर्षाचे दोन तुकडे होतात. पपई-केळीच्या बागाईतदाराचा मुलगा मात्र त्याच वेळी कोटा, लातूर किंवा नाशिकला खोली घेऊन बसलेला असतो. दोघांच्याही वर्षाला आपण ‘ड्रॉप’ हा एकच शब्द वापरतो. बी.एस्सी.त नाव टाकण्याला माझा विरोध नाही; उद्या नीट नाही जमली तर पदवीचे एक वर्ष हाती राहते. फक्त ते नाव आपण खाटेसाठी टाकले की पदवीसाठी, हे घरात जूनमध्येच ठरलेले बरे.

दुसरी अडचण कागदांची, आणि इथे मी जरा अधिक बोलणार आहे, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. तो कायदा २००१ पासून लागू आहे, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दाखला अवैध ठरल्यास घेतलेला प्रवेशही टिकत नाही. जमातींसाठी सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापूर्वीचा पुरावा सर्वांत वजनदार मानतात. आता ज्या घरात पहिला शाळेत गेलेला माणूस १९८० सालचा आहे, त्या घराने आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? तिथे कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही, उपयोगी पडते. जुन्या नोंदी मोडीत असतात, नावे अर्धवट असतात, आडनाव बहुधा नसतेच. शिवाय पावरा, वसावे, तडवी भिल, भिलाला ही नावे अनुसूचित जमातींच्या यादीत भिल या एकाच नोंदीखाली येतात. पणजोबाच्या नोंदीत एक शब्द आणि पणतूच्या दाखल्यावर दुसरा, यात गैर काही नाही, पण ते कागदांनी जोडून दाखवावे लागते. आधीच वैधता मिळालेला चुलता-चुलतभाऊ असेल तर काम सोपे. वंशावळ मात्र चुलत्याच्या अर्जात होती तशीच आपल्या अर्जात हवी. एका ठिकाणी ‘जाड्या’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘जाडू’ झाले की चौकशी लांबते.

यासाठी महिने लागतात. प्रवेश फेरीला असतात दिवस. म्हणून माझे मत असे की ड्रॉपच्या वर्षातले पहिले काम पुस्तक उघडण्याचे नाही, पेटी उघडण्याचे आहे. जून-जुलैत, पेरणीच्या धांदलीतही, वडिलांनी एक दिवस काढावा आणि अधिवास, जात, वैधता, उत्पन्न, इतर मागासांसाठी नॉन-क्रीमी लेयर, सगळ्यांवरची नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. आधार कार्डावरचे नाव आणि दहावीच्या सनदेवरचे नाव वेगळे निघणे ही आमच्याकडे इतकी नेहमीची गोष्ट आहे की जुळलेले दिसले तर मला नवल वाटते.

आणखी एक सापळा सीमेचा. शहादा तालुका मध्य प्रदेशाला भिडलेला, खेतिया बाजार हाकेवर, गुजरातही जवळच. अकरावी-बारावीलाच मुलाला सुरतेला पाठवावे, तिथे कोचिंग चांगले, असे काही पालक ठरवतात. पण महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी साधारण नियम असा की अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या हव्यात. बारावी गुजरातेतून केलेल्या मुलाला शहाद्यात घर असूनही हे दार बंद होऊ शकते. बारावीनंतरच्या ड्रॉपच्या वर्षात मात्र सुरतेला जा, कोट्याला जा, पात्रतेला धक्का लागत नाही. बाहेर जायचेच असेल तर ते बारावीनंतर.

अभ्यासाबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. ड्रॉपचा विद्यार्थी सहसा तीच पुस्तके दुसऱ्यांदा वाचतो. दुसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याची पारख केली. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे. आठवड्याने पाहिले तर लिहिणारे पुढे, आणि चांगलेच पुढे. आपल्या पाठांतराच्या परंपरेत ‘म्हणून दाखव’ हा जो भाग होता तो हाच. त्याला पैसे लागत नाहीत. पाठकोरी वही पुरते.

भाषेचा प्रश्न वेगळा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तके. त्या धक्क्यातच दोन वर्षे जातात, आणि माझ्या पाहण्यात ड्रॉपच्या वर्षाचा खरा लाभ अशा मुलांनाच अधिक होतो. त्यांची पहिल्या वेळची गुणसंख्या त्यांच्या कुवतीची नसते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, सोबत इंग्रजीही असते, आणि भाषांतरात संदिग्धता निघाली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. तेव्हा पेपर मराठीत घेतला तरी संज्ञा इंग्रजीत ठाऊक असणे भाग आहे.

तिसरी गोष्ट हिशोबाची. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. ‘येत नसेल तर हात लावू नको’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला तर चारांतून एकदा चार मिळतील, तीनदा एक-एक जाईल. सरासरीने पाव गुण पदरातच पडतो. एक पर्याय खात्रीने कटला तर दोन-तृतीयांश, दोन कटले तर दीड. पाव गुणासाठी जुगार खेळू नये हे मान्य, पण दोन पर्याय कटल्यावरही प्रश्न कोरा ठेवणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ते त्यांचे नुकसान आहे.

ड्रॉप घ्यायचा की नाही हे ठरवताना मात्र गुणांवर विसंबू नये. २०२४ मध्ये ६५० च्या वर गुण मिळवणारे हजारोंनी होते. २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिला आलेल्याला ६८६ होते आणि ६५० च्या वर शंभर जणही नव्हते. खुल्या वर्गाची पात्रता २०२४ ला १६२, तर २०२५ ला १४४. ‘मागच्या वर्षी पन्नास गुणांनी हुकले’ या वाक्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. पाहायचा तो क्रमांक : आपल्या प्रवर्गात शेवटची सरकारी जागा ज्याला मिळाली त्याच्या किती मागे होतो. अंतर थोडे असेल तर वर्ष देण्यात शहाणपण आहे. पात्रतेचीच रेघ ओलांडली नसेल तर वर्षाने काय बदलणार, हे स्वतःला विचारावे लागते.

परीक्षेला न लागणाऱ्या एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. या वर्षात मुलाने डॉक्टरचे काम जवळून पाहावे. आठवड्यातला अर्धा दिवस पुरे. आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. मुलाने उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी जाऊन परवानगीने बसावे, आशाताईच्या मागे पाड्यावर फिरावे, नोंदवहीत नावे लिहू लागावे. बारावीच्या जीवशास्त्रात सिकलसेलचा धडा आहे : बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. सातपुड्यात हा आजार घराघरांत आहे. ज्या मुलीची चुलतबहीण दर पावसाळ्यात सांधे धरून रडते, तिला हा प्रश्न चुकण्याचे कारण नाही. पण धडा आणि बहीण यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. एका पावरा मुलीने मला विचारले, ‘काका, हे पुस्तकातलं आमच्याकडलंच का?’ पुढे तिने स्वतःच्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढली, मूळ जात पडताळणीसाठी. तिच्यावर लाल शाईने कोण आजारी ते मांडले. एक कागद दोन कामांना आला.

भाषेचाही इथे उपयोग आहे. पावरी, मावची, देहवाली बोलणाऱ्या बाईला आपले दुखणे प्रमाण मराठीत सांगता येत नाही, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरला तिची बोली कळत नाही. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात २०१९ पासून सुरुवातीला पायाभूत वर्ग असतो आणि त्यात स्थानिक भाषेलाही जागा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर नव्या मुलांना आधी आश्रमात शिबिराला बसवतात; नीट येण्यापूर्वी तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असे. असा पेपर आज देशात कोणी घेत नाही. शहाद्यातल्या गुजर पाटलाच्या मुलाने ड्रॉपच्या वर्षात शेतावरच्या मजुरांकडून पावरीतली शंभर वाक्ये शिकली, तर त्याचे बिघडणार काही नाही. धडगावची मुलगी ती घरूनच घेऊन आलेली असते, हे तिला कोणी सांगत नाही.

उलट उदाहरणही द्यायला हवे. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड, जे पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले, भिल्ल कुटुंबातले. नवोदय विद्यालयातून निघून मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले. आमच्याकडे प्रत्येक सत्कार समारंभात त्यांचे नाव घेतात. ते घ्यावेच. पण नवोदयची शाळा ही निवडक मुलांना मिळणारी निवासी व्यवस्था आहे. तशा व्यवस्थेविना राहिलेल्या मुलांसाठी मध्येच कोणीतरी हात द्यावा लागतो. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरांनी उभारलेली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही संस्था मेळघाटातल्या आदिवासी मुलांची अशीच तयारी करून घेते. शिकवणारे स्वतः वैद्यकीय विद्यार्थी असतात. राहण्याची सोय, अभ्यास आणि कागद, तिन्ही एका छताखाली आले की ड्रॉपचे वर्ष अर्धे सोपे होते. शहाद्यात शिक्षणसंस्था मोठ्या आहेत, वर्गखोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात, आणि नंदुरबारच्या कॉलेजातली वैद्यकीय मुले तासाभराच्या अंतरावर आहेत.

राहिला दुसऱ्या ड्रॉपचा प्रश्न. मुलाला तो सहज मिळतो. मुलीला बहुतेक घरांत एकच वर्ष, तेही अटीवर. स्थळे पाहणे त्या वर्षात थांबलेले नसते. जूनमध्ये निकाल लागतो आणि जुलैत घरचे हिशोब सुरू होतात. त्याच निकालावर बीएएमएस, बीएचएमएसचे प्रवेशही होतात, आणि सातपुड्यातल्या भरारी पथकांत पाड्यापाड्यांवर जाणारे बरेचसे डॉक्टर बीएएमएसच आहेत, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. ते अर्ज भरण्याच्या तारखा एमबीबीएसच्या पहिल्या फेरीच्या आगेमागेच येतात. मुलीचे गुण मधले असतील तर दोन्हीकडे अर्ज भरून ठेवावा, आणि वैधता प्रमाणपत्राच्या चार साक्षांकित प्रती आदल्या दिवशीच काढून ठेवाव्यात. वीज गेली की शहाद्यातली झेरॉक्सची दुकाने बंद पडतात.